मामीची घुंगुरकाठी

काल माळा आवरताना मामीची घुंगुरकाठी हाताला लागली. घुंगरं वाजली आणि मांडवीच्या घरात मला घाटातल्या ओल्या मातीचा वास आला.

मी लहान असताना संगमेश्वराकडच्या घाटवाटेने मामी मला तिच्या माहेरी नेत होती. प्रत्येक वळणाआधी ती काठी आपटायची. अस्वल घाबरून पळावं म्हणून, असं मला वाटायचं.

एका वळणावर मात्र ते पळालं नाही. फोडलेल्या वारुळापाशी अस्वलीण उभी होती. तिच्या पाठीवरच्या राठ केसांना दोन पिल्लं गच्च धरून बसली होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. एवढं मोठं, एवढं काळं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

मामीने मला पाठीशी घेतलं आणि शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "खा गो बाय, सावकाश खा. आमी जाताव मागं."

अस्वलिणीकडे तोंड ठेवूनच आम्ही हळूहळू मागे सरलो. अस्वलिणीने पुन्हा वारुळात तोंड घातलं.

दुसऱ्याच्या अंगणात शिरताना माणूस खाकरतो, तशी ती काठी होती. आणि मामीच्या पाठीला मी दोन्ही हातांनी गच्च बिलगले होते. अस्वलिणीला समोर काय दिसलं असेल, ते आता कळतं.