बुजवलेल्या खिडकीवरचा समुद्र

दिनांक १२ फेब्रुवारी १९६१, रविवार. ठरलेली रक्कम पंचेचाळीस रुपये, फळ्या आणि रंग धरून. हजर माणसं चार: मी, माझी बायको, आई आणि सावंतवाडीहून बोलावलेला चितारी. एरवी तो लाकडी खेळणी रंगवायचा.

मालवणच्या आमच्या घरातली पश्चिमेची खिडकी मला दिवाळीनंतर चिरे लावून बुजवावी लागली होती. पलीकडची जागा वाटणीत चुलतभावाकडे गेली आणि त्याने आमच्या भिंतीला चिकटून आपली भिंत उठवली. कागद त्याच्या बाजूचे होते. मी ते तीनदा वाचले. पण आई बत्तीस वर्षं त्या खिडकीशी समुद्राकडे तोंड करून तांदूळ निवडत आली होती. खिडकी गेल्यापासून ती सूप घेऊन मागील दारी बसू लागली. तिची जागा तिला परत द्यायची, एवढंच मला करायचं होतं.

चिताऱ्याने पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडलाच नाही. आईला जुन्या जागी बसवून तिच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत सुतळी धरली.

"काकी, हय उजेड खंयसून येता?"

"दारातसून. आता आणि खंयसून येतलो?"

त्या उजेडाच्या बेताने त्याने फणसाच्या फळ्यांवर चौकट, गज, गजांच्या सावल्या आणि पलीकडे समुद्र रंगवला. नवव्या दिवशी फळ्या भिंतीवर बसवल्या. उभ्याने पाहिलं की मला समुद्र कलता वाटे. तसं बोललो तर चितारी म्हणाला, "तुमच्यासाठी काढूक नाय. काकी उभी रवान तांदूळ निवडता काय?"

त्याच दुपारी चुलतभावाने ओटीवरून आत पाहिलं. "भिंत फोडलंस मा रे?" म्हणत तो तडक आला आणि गजांत हात घालायला गेला. बोटं फळीवर आपटली.

"सावकाश रे," आई म्हणाली. "भायर पडशीत."

संध्याकाळी तो वाडीतले दोन जाणते घेऊन आला. उद्या हीच खिडकी दाखवून मी जुना हक्क सांगेन, ही त्याची भीती. फळ्या उतरवायच्या, नाहीतर इथे खिडकी कधी नव्हतीच असं लिहून द्यायचं.

"आता खिडकी नाय, ह्या लिवन देतंय," मी म्हणालो. "नव्हतीच, असा लिवचंय नाय."

"मगे फळये उतरय."

"भिंत माझी, फळये माझे. तुझ्या घरातसून दिसतत काय?"

एका जाणत्याने तडजोड काढली: समुद्र पुसून तिथे देवाचं चित्र काढून घे. मी नाही म्हणालो. देव घरात होते, समुद्र नव्हता. मग दुसऱ्याने निकाल दिला, की वाडीचं ऐकलं नाही म्हणून मी देवळात पाच रुपये भरावेत. नाही भरले तर माझ्या दारी कार्याला कोणी येणार नाही. न येणाऱ्यांचा स्वयंपाक वाचेल, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सूप घेऊन फळ्यांसमोर बसली.

देवळात मी काही भरलं नाही. ते पाच रुपये चिताऱ्याला दिले आणि वार्निशचा आणखी एक हात मारून घेतला. एकूण रुपये पन्नास, चिताऱ्यास पावते.