अप्पांची आंघोळ आणि गाडीचं अर्थिंग

माईक हातात आला की मन्मथअप्पांच्या तोंडाला धरबंद राहत नसे. एस.टी.त कंडक्टरकी करण्यात जन्म गेलेला. आवाज असा की उदगीरच्या स्टँडवर "पुढं सरका" म्हणले तर रस्त्यावरचा भाजीवालाही गाडा घेऊन पुढं सरकायचा. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेले हेच अप्पा लातूरच्या मिरवणुकीत शर्ट फाटेस्तोवर नाचले होते. लातूरचं झालं, आता नंबर उदगीरचाच, असं त्यांनी मनाशी धरलं. उदगीरचा नंबर काही लागला नाही. रिटायर झाल्यावर अप्पा जिल्हा कृती समितीचे सेक्रेटरी झाले आणि घरातलं प्रत्येक काम 'जिल्हा झाल्यावर' या सबबीखाली अडकून पडलं. दाढ काढायची, जिल्हा झाल्यावर. गच्चीची गळती, तीही जिल्हा झाल्यावर. नशीब की पाऊसच पडत नव्हता.

बरं, एवढ्यावर थांबावं ना माणसानं! पण एका उपोषणाला तहसीलसमोर गर्दी चांगली जमली, माईकही त्या दिवशी खरखर न करता चालला, आणि अप्पा गरजले, "जिल्हा होईपर्यंत हा मन्मथ लातुरात पाय ठेवणार न्हाई!" टाळ्या कडाडल्या, शिट्ट्या झाल्या. आपली एकुलती एक लेक महानंदा लातुरातच दिली आहे आणि ती पोटुशी आहे, हे अप्पांना टाळ्या थांबल्यावर आठवलं.

लेक कुणाची? अप्पांचीच. संध्याकाळी तिचा फोन आला. "अप्पा, माझ्या घरी पाय ठेवणार न्हाई म्हणलात म्हणं? बरं. मग मी बी उदगीरला येत न्हाई. तुम्ही आधी माझ्या उंबऱ्याच्या आत या, मग मी येते." पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून पोरगी लातुरातच बाळंत झाली. नात झाली. तिला सगळे चिन्नी म्हणू लागले. चिन्नी रांगली, चालली, चुरुचुरु बोलायला लागली, आणि अप्पांनी हे सगळं पाहिलं ते साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर. फोन बंद झाला तरी ते काळ्या काचेकडं बघत बसायचे. लई जीव तुटायचा. पण शब्द माघारी घ्यायचा कसा? समितीतला केरबा गावभर करील, या एका धास्तीनं माणूस आतल्या आत कुढत होता.

त्यातच त्यांच्या मंडळींनी, दानम्माबाईंनी, विजेवरची निळी गाडी घेतली. बाई झेडपीच्या शाळेच्या हेडबाई म्हणून रिटायर झालेल्या. गाडी चालवायला स्वतः शिकल्या. कंपनीनं गाडीबरोबर भिंतीवर बसवायचा चार्जर दिला होता. बाई म्हणाल्या, "हे बसवून घ्या."

"जिल्हा झाल्यावर," अप्पा म्हणाले. "तवा लाईनच नवी येईल."

बाईंनी मग कूलरच्या प्लगावर गाडी लावून पाहिली. फाट्दिशी आवाज झाला, घरभर अंधार, आणि प्लगाचा कोळसा. त्या दिवसापासून दर रविवारी बाई धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून गाडी चार्ज करायला लातूरला जाऊ लागल्या. तिथं चार्जिंगचं स्टेशन होतं. आणि चार्जिंगला वेळ लागतो म्हणून लेकीच्या घरी जाणं आलंच की! संध्याकाळी बाई गुणगुणत परत यायच्या. अप्पांनी दिवसभर गार भाकरी चावलेली असायची. "चिन्नी काय म्हणली?" हे त्यांच्या जिभेवर यायचं, पण ते विचारायचे, "गाडी भरली का?"

"भरली," बाई म्हणायच्या आणि पुढं एक अक्षर सांगायच्या नाहीत.

एक दिवस समितीच्या बैठकीत केरबानं खोडी काढलीच. "अप्पा, तुम्ही लातूरला जाईना, पर तुमची गाडी तर दर आईतवारी लातूरचं करंट पिऊन राहिली की हो!"

सगळे खो-खो हसले. अप्पांच्या अंगाची लाही लाही झाली. चार्जर घरी बसवायचा, म्हणजे बाईंचं लातूर बंद, असं त्यांनी तिथंच ठरवलं. जिल्हा गेला उडत!

दुसऱ्या दिवशी पंचशीला आली. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता लायसन्सवाली वायरमन. तिनं मीटरपासून जाड वायर ओढली, बटणांची नवी पेटी बसवली, चार्जर भिंतीवर ठोकला आणि अंगणात खड्डा खणायला घेतला. खड्ड्यात कोळसा टाकला, मीठ टाकलं, मधोमध लोखंडी पाईप उभा केला. शेजारच्या धुरपताबाईंनी कंपाउंडवरून पाईप पाहिला मात्र, लगबगीनं घागर आणून अंगणात ठेवली. बघता बघता तिच्यामागं घागरींची रांगच लागली.

"आवं, हे काय?" अप्पा ओरडले.

"हातपंप बसवून राहिलात न्हवं? पहिला नंबर माझा हाय," धुरपताबाई म्हणाल्या.

"हातपंप न्हाई मावशे, अर्थिंग हाय," पंचशीला म्हणाली. "हितून पाणी वर येत न्हाई. करंट सांडलं तर खाली जातंय."

धुरपताबाईंनी अप्पांकडं असं पाहिलं की जणू दुष्काळ त्यांनीच पाडला होता. घागर मात्र त्यांनी तिथंच ठेवली. न जाणो, आलंच पाणी तर!

चार्जर चालू केला तर त्यावर लाल दिवा. पंचशीलानं मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली. "जमीन कोरडी ठाक हाय, अप्पा. अर्थिंग लागंना. खड्ड्याला पाणी पाजावं लागंल."

"किती?"

"पिईल तितकं."

त्या साली पाऊस असा दडी मारून बसला होता की नळ कधी यायचा हे नळाला तरी ठाऊक होतं का कोण जाणे. टँकर आला की गल्लीत मारामारी. अप्पा बादली घेऊन ड्रमाकडं वळले तर दानम्माबाई ड्रमाला पाठ लावून उभ्या.

"पिण्याच्या पाण्याला हात लावाल तर बघा. माणसं तहानली, अन् हे मातीला पाजून राहिलेत!"

"मग माझ्या वाट्याचं पाणी तर माझं हाय ना?"

अप्पांच्या वाट्याला आंघोळीची एक बादली होती, आणि तिला बाईही नाही म्हणू शकत नव्हत्या. आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही, पूजेशिवाय चहा नाही आणि चहाशिवाय अप्पा म्हणजे घरातल्या सगळ्यांचा छळ. अप्पांनी पाट उचलला, खड्ड्यावर ठेवला, पंचा नेसले आणि भर अंगणात आंघोळीला बसले.

पंचशीला भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नजर चार्जरवर. पहिला तांब्या पडला.

"लाल," ती म्हणाली.

दुसरा पडला. "लालच हाय. अप्पा, खांद्यावरून नका, पाटाच्या कडंनं पाडा!"

"आंघोळ माझी हाय का तुझ्या पाईपाची?"

"पाईपाचीच हाय! तुम्ही मधी आलात!"

एवढ्यात गच्च्या भरल्या होत्या. कुणी म्हणालं साबण लावा, कुणी म्हणालं नका लावू, शॉक बसंल. केरबाही कुठून तरी उगवला आणि सल्ले द्यायला लागला. अप्पा दात ओठ खात तांब्या तांब्या ओतत राहिले. बादलीचा तळ दिसायला लागला. शेवटचा तांब्या त्यांनी डोळे मिटून, "शिव शिव" म्हणत सोडला.

"हिरवा!" पंचशीला किंचाळली. "हिरवा झाला!"

गच्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ऐकल्या की अप्पांना राहवतंय थोडंच! एका हातानं पंचा सावरत, दुसरा हात वर करत, निथळत्या अंगानं ते गरजले, "उदगीर जिल्हा..."

"झालाच पाहिजे!" गच्च्या ओरडल्या.

दुपारी ऊन तापलं आणि दिवा पुन्हा लाल झाला. आता रोजची आंघोळ तर होऊन गेलेली. अप्पा कपाळाला हात लावून बसले. मग धुरपताबाईच डाळ धुतलेलं पाणी घेऊन आल्या आणि तोंडानं बडबडत खड्ड्यात ओतून गेल्या. त्यांच्यामागून कुणी भाजी धुतलेलं आणलं, कुणी तांदळाचं धुवण. गल्लीला खेळच मिळाला. हसत, चिडवत सगळ्यांनी मिळून अप्पांची गाडी भरून दिली.

सकाळी बाई ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत बसल्या. "चला."

"कुठं?"

"लातूरला."

अप्पा उडालेच. "आता कशाला लातूर? घरीच भरली की!"

"तेच म्हणते. आता जाऊन येऊन पुरती. तिथं चार्जिंगला थांबायची कटकट न्हाई." बाईंनी शेजारचं दार उघडलं. "तुम्ही बी बसा."

"मी पाय ठेवणार न्हाई लातुरात."

"नका ठेवू. चाक ठेवणार न्हाई असं कुठं म्हणलात? गाडीतच बसा. उतरू नका."

अप्पा विचारात पडले. त्यांनी आपलं भाषण मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं. चाकाचा उल्लेख कुठंच नव्हता. ते बसले.

लातूरची पाटी दिसली तशी त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. एसीनं गुडघे गारठले म्हणून वर शाल घेतली. पोट आवळून, पट्टा लावून ते असे बसून राहिले.  नात समोरासमोर कशी दिसत असंल? ओळखंल का आपल्याला?

गाडी महानंदाच्या फाटकाशी थांबली. ती उंबऱ्यात आली आणि तिथंच थबकली. बापाला बघून तिचा चेहरा एकदम उजळला. लगेच तिनं तो आवरला.

"या, अप्पा."

"हितंच बरा हाय मी."

"मग मी बी हितंच बरी हाय."

बाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "शिवा, दोघांनाबी उचलून ने रे," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात चिन्नी आईच्या बगलेतून निसटून धावत आली. काचेला नाक लावून तिनं आत पाहिलं. मोबाईलवर दिसायचं तेच तोंड, तशाच मिशा. मग तिनं खाली पाहिलं. सीटखाली नुसत्या रिकाम्या चपला. तिचे डोळे मोठे झाले.

"आज्जी," तिनं हळूच विचारलं, "आज्जाला पाय न्हाईत?"

 चिन्नीनं स्वतःच मान डोलावली, जणू कधीची अडलेली गोष्ट तिला कळली होती. "म्हणून येत नव्हते व्हय! आई म्हणती, आज्जा लातुरात पाय ठेवत न्हाई. पायच न्हाईत तर कसे ठेवतील!" तिनं दाराचं हँडल ओढलं, दार उघडलं आणि दोन्ही हात पसरले. "या आज्जा. मी उचलून नेते तुम्हाला."

 अप्पांनी शाल बाजूला केली, मांडी सोडली आणि पाय बाहेर टाकले. पण इतका वेळ दुमडलेल्या पायांना मुंग्या आलेल्या. त्यांनी जोर धरलाच नाही, आणि अप्पा धप्पदिशी खाली बसले.

"अप्पा!" महानंदा उंबरा ओलांडून अनवाणी धावत आली. बापाच्या समोर मातीतच बसली, त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळू लागली. चोळताना रडत होती, हसतही होती.

चिन्नीनं वाकून नीट पाहिलं, बोट लावून खात्री केली. "दोन हायेत! आई, आज्जाला दोन पाय हायेत!"

"हाव माय," अप्पा म्हणाले. "लई उशिरा आले."