सोमनाथला कधीच न दिसलेला रंग

अंबडच्या एका कारखान्यात सोमनाथ बोडके सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. पोलादाचे नंबर त्याला तोंडपाठ. नव्या माणसाला तो सांगायचा, "ईएन-८ काय, ईएन-२४ काय, नंबर म्हणजे ताकदीचं माप नाय, नुसतं नाव हाय. आठ म्हणजे साधं कार्बनचं पोलाद. एका चौरस मिलिमीटरला पंचावन्न किलोच्या आसपास ताण दिला की तुटतं. चोवीसमधी निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम. भट्टीतून तयार होऊन आलं की पंच्याऐंशीच्या पुढं जातं."

गजावर ठोकलेला नंबर वाचूनच तो माल द्यायचा. यंदा मात्र गज कापूनच येऊ लागले. नंबर गेला, टोकाला रंग आला. आठला हिरवा, चोवीसला विटकरी.

तिसऱ्याच आठवड्यात चोवीसचा म्हणून चाचणीला लावलेला शाफ्ट पार पिळवटून गेला. तपासणी विभागाच्या प्रतिभा मॅडमनी कडकपणा मोजला, तर ते चोवीस नव्हतंच. आठ होतं. माल दिल्याच्या चिठ्ठीवर सही सोमनाथची.

"बघून दिलंय मॅडम. विटकरीच होता."

मॅडमनी दोन तुकडे टेबलावर ठेवले. "यातला हिरवा कुठला?"

थट्टा चालली आहे असंच त्याला वाटलं. तुकडे उचलून तो खिडकीपाशी गेला, फिरवून फिरवून पाहिले.

"दोन्ही एकाच रंगाचे तर हायत!"

मॅडम जवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "सोमनाथभाऊ, तुमच्या डाव्या हातातला हिरवागार आहे."

सोमनाथनं दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. तीन आठवड्यांत काय काय दिलं असेल आपण? दोन दिवस सगळा माल तपासला. अकरा तुकडे चुकीचे निघाले. नशीब, एकही गेटाबाहेर गेला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. मागे उभ्या असलेल्या बायकोनं, कलाबाईनं, त्यातला आकडा लगेच वाचला. सोमनाथला नुसते ठिपके दिसत होते.

"जन्मापासूनच आहे हे," डॉक्टर म्हणाले.

शेहेचाळीस वर्षं! आणि कुणाला पत्ता नाही. त्याला स्वतःलासुद्धा.

रविवारी तो गिरणाऱ्याला वडिलांकडे गेला. कोंडाजीनाना अंगणात सुतळी गुंडाळत बसले होते.

"नाना, हिरवं नि तांबडं मला येगळं दिसतच नाय. आधीपासून."

नानांचा हात थांबला. लहानपणी सोमनाथ कच्चे टोमॅटो तोडून क्रेटच्या क्रेट नासवायचा. आळशी, धांदरट म्हणून नानांनी त्याला काठीनं बडवलं होतं. त्या माराला कंटाळूनच तो शेती सोडून कारखान्यात आला होता.

"मंग मी तुला..." सुतळीचा गुंडा नानांच्या मांडीवरून घरंगळला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

कारखान्यानं सोमनाथला काढलं नाही. आता गज कापतानाच प्रत्येक तुकड्यावर नंबर ठोकला जातो, आणि ठोकतो सोमनाथच. पण येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून हातातली पिशवी, अंगातला शर्ट दाखवत तो विचारतो, "ह्याचा रंग कोणता हो?" आणि उत्तर ऐकून दर वेळी तसाच हादरतो.