पोस्टरवरची गोरी सुजाता

हरवलेलं मूल विशाखाच्या नजरेतून सुटत नाही, असं मुदखेड स्टेशनवर सगळेच म्हणायचे. खरं सांगायचं तर हे ऐकायला तिला आवडायचंही. एका संस्थेतर्फे ती फलाटावरच्या बालमदत कक्षात बसायची आणि गर्दीतलं एकटं पोर नुसत्या चालीवरून ओळखायची. चहावाल्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना तिचा धाक होता. एका हवालदाराने रडणाऱ्या पोराला दटावलं, तर भर फलाटावर तिने त्याची अशी बिनपाण्याने केली की बिचारा पुढे कित्येक दिवस तिला बघून वाट बदलायचा.

मागच्या वर्षी गाडीतून उतरलेली एक काळीसावळी पोर तिच्या हाती लागली. असेल पाचेक वर्षांची. पोर मुकी, त्यामुळे नाव कळेना की गाव. बालकल्याण समितीच्या आदेशाने तिला नांदेडच्या बालगृहात ठेवलं. तिथल्या अधीक्षक उमादेवी तिला चिमी म्हणू लागल्या. पेपरात जाहिराती दिल्या, कुणी फिरकलं नाही. शेवटी चिमीला दत्तक द्यायचं ठरलं. सवड मिळाली की विशाखा जाऊन तिची वेणी घालून यायची.

त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातून एक पोस्टर आलं होतं. नाव सुजाता, तालुका जळकोट, रंग गोरा. फोटोत गुलाबी गालांची, परीच्या फ्रॉकातली मुलगी, मागे स्टुडिओतला खोटा धबधबा. विशाखाने ते स्वतःच्या हाताने फलाटावर चिकटवलं, बालगृहाच्या जेवणघरातही चिकटवलं. सुजातासाठी तिने नांदेड पालथं घातलं. कुठे गोरी पोर दिसली की ती थांबून चेहरा निरखायची.

जुन्या प्रकरणांत घरी जाऊन पुन्हा विचारपूस करायची, ही संस्थेची पद्धत. म्हणून ती एके दिवशी जळकोटजवळच्या खेड्यात सुजाताच्या आईकडे गेली. आई कोंडाबाई मजुरीला जाणारी. लातूर रोड स्टेशनच्या फलाटावर गर्दीत पोरीचा हात सुटला आणि ती भलत्याच गाडीत चढली, एवढंच तिला ठाऊक होतं.

"दुसरा एखादा फोटो असेल का, मावशी?" विशाखाने विचारलं.

कोंडाबाईने जाऊबाईंचा मोबाईल मागून आणला. त्यात शेताच्या बांधावर बसलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली, शेंबडी चिमी होती.

विशाखाने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. शंकाच नव्हती. पोर रोज स्वतःच्याच पोस्टरखाली ताट घेऊन बसत होती, आणि बालगृहातल्या एकाही शहाण्या माणसाला ते कळलं नव्हतं. सगळ्यात शहाणी तर ती स्वतःच. आणि दत्तक घेणारं जोडपं आजच यायचं होतं. तिने उमादेवींना फोन लावला.

"अगं, आलेत ते," उमादेवी म्हणाल्या. "चिमीला नवा फ्रॉक आणलाय. निघायचीच तयारी चाललीय."

"तिला जाऊ देऊ नका. तिची आई सापडलीय. माझ्यासमोर बसलीय."

उमादेवी हळू आवाजात म्हणाल्या, "ती बाई तिला मांडीवर घेऊन बसलीय गं. कसं सांगू तिला?"

"सांगा. आम्ही निघतोच."

कोंडाबाईने विशाखाचं मनगट धरलं. "जित्ती हाय?"

"हाव मावशी. नांदेडला हाय. चांगली हाय."

कोंडाबाईने तोंडात पदर कोंबला आणि ती रडू लागली. विशाखालाही रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मग हा फोटो का नाही दिला तुम्ही? ती बोलत नाही, हे तरी सांगायचं."

"ह्यो कसा द्यावा, ताई?" कोंडाबाईने डोळे पुसले. "म्याच फोटोवाल्याला म्हनलं, पोरीला जरा गोरी कर. काळी, त्यात मुकी, त्यात आमची. खरं सांगितलं असतं तर कोन हुडकलं असतं तिला?"