पुस्तकात लिवलाय

काहीही सांगण्याआधी ते डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. मग म्हणायचे, "पुस्तकात लिवलाय. म्हणजे कोणीतरी करून बघितला असेल ना?"

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कापड रंगवायचा कारखाना होता. मी लॅबमध्ये, ते पॅकिंगचे सुपरवायझर. राहायला मुरब्याला, घराणं मासेमारीचं. घरात कारखान्याची नोकरी धरलेले तेवढे एकटेच. बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवरून आयुष्य बदलून टाकणारी पुस्तकं ते आणत, आणि आपल्यासारखं नुसतं वाचून ठेवत नसत. दुसऱ्या दिवशी कामाला लावत.

एका पुस्तकात होतं, कसाही प्रसंग आला तरी हसतमुख राहा. त्याच आठवड्यात पॅकिंगमधून चुकीच्या रंगाचा माल गेला. मॅनेजर ओरडत होते आणि हे समोर उभे राहून गोड हसत होते.

"हसता काय?"

"साहेब, तुमचा राग तुमच्याजवळच ठेवा. मी घेत नाय."

त्यांनी घेतला नाही, पण मेमो घ्यावा लागला. त्यावरही हसतच सही केली.

मग 'नाही' म्हणायला शिकवणारं पुस्तक आलं. कॅन्टीनवाल्याने विचारलं, "भात वाढू?" हे म्हणाले, "नाय." दुपारभर उपाशी. संध्याकाळी बाजारातून मासे विकून आलेल्या बायकोने रिक्षातली टोपली उतरवायला सांगितली. तिलाही "नाय." ती शांतपणे म्हणाली, "बरा. मग आज चूल पन नाय." दुसऱ्या दिवशी ते पुस्तक माझ्या टेबलावर होतं. "तुमी वाचा. तुमचं लग्न व्हायचंय अजून."

पॅकिंगमधली उत्तरेकडची पोरं त्यांना गुरुजी म्हणत. एकदा त्यातला एक वैतागून म्हणाला, "गुरुजी, ये किताब लिखनेवाले को एक शिफ्ट मशीन पे खड़ा करो." आम्ही हसलो. ते मात्र गंभीर झाले. "बरोबर बोलतो तो. माझ्या पन मनात तेच आला होता."

एके दिवशी मात्र ते लॅबमध्ये येऊन हातातलं पुस्तक उलटसुलट करत बसले. नवीन पुस्तकात म्हटलं होतं, ज्याच्यावर राग आहे त्याच्यासमोर जाऊन त्याला क्षमा करा.

राग होता थोरल्या भावावर. वडिलांची जुनी होडी त्याने यांना न विचारता मोडली होती. तेव्हापासून बोलणं बंद. दोन घरांत एकच भिंत. बायका रोज एकत्र बोंबील वाळत घालायच्या, पोरं दोन्हीकडे जेवायची, भांडण फक्त या दोघांचं.

"तुमी चला," ते मला म्हणाले. "एकट्याने जमायचा नाय."

रविवारी सकाळी गेलो. भाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. हे समोर उभे राहिले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि पाठ केलेलं म्हणाले, "दादा, मी तुम्हाला मनापासून क्षमा करत आहे. माझ्या मनात आपल्याविषयी आता कोणताही राग उरलेला नाही."

जन्मभर ज्याला 'तू' म्हटलं, त्याला 'आपण'! भावाच्या हातातलं जाळं गळालं.

"काय झाला रे तुला? डाक्टर काय बोलला?"

"डाक्टर नाय, पुस्तकात—"

"अगो, बाहेर ये! याला कायतरी मोठा झालाय!"

वहिनी धावली. पलीकडून यांची बायको धावली आणि काही न विचारता रडायला लागली. भावाने यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "होडी कुजली होती रे. फळीला बोट लावला तर आत जायचा. तुला दाखवायला दोनदा आलो, तू ड्युटीवर. मोडताना मी पन रडलो. मग तुला सांगायची लाज वाटली."

"मना काय झाला नाय रे," हे सांगत होते, पण कोणी ऐकेना. शेवटी सांगता सांगता तेही रडायला लागले. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली.

तब्येत ठणठणीत आहे हे मी शपथेवर सांगितलं, तेव्हा भावाने यांच्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा उडाला. "मेल्या, मग रडवलास कशाला?" जेवल्याशिवाय त्याने कोणालाच सोडलं नाही.

सोमवारी ते लॅबमध्ये म्हणाले, "बघा, पुस्तकात लिवल्याप्रमानेच झाला."

"धपाटासुद्धा?"

"तो पुढच्या आवृत्तीत टाकतील."

वर्षभरात भावाचा गुडघा गेला. एकट्याने बोट सांभाळणं त्याला जमेना, म्हणून यांनी नोकरी सोडली. पॅकिंगमध्ये नवा सुपरवायझर आला. कामाला चोख होता, पण चहाच्या सुट्टीत मोबाईल बघत बसायचा.

मध्यंतरी मुरब्याला गेलो, तर त्यांची बोट निघत होती. दोघे भाऊ जाळ्यावरून कडाकडा भांडत होते, दोघांच्याही तोंडी 'तू'. मी हाक मारली, त्यांनी घाईत हात हलवला आणि पुन्हा भावाकडे वळून ओरडायला लागले. बोट खाडीतून बाहेर पडली, लहान होत गेली. माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी वाऱ्यावर त्यांचं भांडण ऐकू येतच होतं.