साडीवरचा चेंडू

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून तोंडावरच सांगितलं, "आणखी एक तक्रार आली तर मुलीला दुसऱ्या शाळेत घाला."

माझी लेक दुसरीत. महिन्याभरात तिने तिघींना बदडलं होतं, एकीला तर चावली होती. वर्गाच्या बाईंनी विचारलं, घरी कुणी हात उचलतं का? माझं डोकंच फिरलं. नवरा सैन्यात, सुट्टीवर आला की लेकीला खांद्यावरून खाली उतरवत नाही. मारणार कोण? तरी मलकापूरच्या शाळेतून घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. चावरी म्हणून नाव झालेल्या पोरीला दुसरी शाळा तरी कशी घेणार?

बाई मात्र चिवट. दर शनिवारी त्या दहा पोरांना जुन्या सुती साडीच्या कडा धरायला लावत. मधोमध चेंडू. तो न पाडता मैदानाला फेरी मारायची. एकाने हिसका दिला की चेंडू गेला. ज्याला राग येईल त्याने हात उगारायचा नाही, "थांबा" म्हणायचं. मग साडी खाली ठेवून सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. मला ही सगळी थेरं वाटली. तरी त्या शनिवारी फाटकाला चिकटून उभी राहिले.

शेजारच्या दांडग्या पोरीने साडी ओढली, चेंडू पडला. वर तिनेच माझ्या लेकीच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "तुझ्यामुळं पडला गं!"

लेकीची मूठ वळली. संपलं, म्हटलं, आता दाखला काढायचा. आणि खोटं कशाला बोलू, आतून एक मन म्हणत होतं, दे ठेवून एक.

तिने दिली नाही. "थांबा!" ती किंचाळली आणि ढसाढसा रडायला लागली. साडी खाली गेली, पोरं गोल बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "लय दुखलं का गं?"

"न्हाई. पण आता घरी कशी जाऊ? मार खाऊन आलीस तर दारात उभी करणार न्हाई, आई म्हणलीया."

शाळेच्या पहिल्या दिवशी वेणी घालताना मीच हसत हसत सांगितलं होतं. फौजीची लेक, रडत यायचं नाही. आमच्याकडे सगळ्याच आया सांगतात. मी तर विसरूनही गेले होते.

फाटक उघडून आत गेले. मला बघताच लेकीने चिमटा काढलेला हात पाठीमागे लपवला.