तिसरी हाक

परवा डहाणू रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नातीने टीव्हीवर भीतीचा सिनेमा लावला. रानात एकटंच घर, त्यात नवरा-बायको नि दोन मुलं. बराच वेळ घडत काहीच नाही, नुसती भीती साठत जाते. मग दिवेलागणीला बाहेरून कोणीतरी त्या बाईला दोनदा हाक मारली आणि ती लगेच दार उघडायला निघाली.

मी ओरडलेच, "अगं बाई, तिसरी हाक तरी येऊ दे!"

"आजी, तिला ऐकू जातंय का?" नात हसली.

आता हिला काय सांगू! आशागडला वाडीत आमचंही असंच एकटं घर होतं. भूत दोनदाच हाक मारतं म्हणतात, म्हणून अंधारात तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पलीकडच्या चिकूच्या वाडीतून माझी जाऊ मुद्दाम तीनदा हाक मारायची, नि विचारायची काय, तर "जेवलीस का गं?" ती वारली, मग वाडीही विकली.

सिनेमा संपेपर्यंत नात मला बिलगून बसली होती. "तुला नाही गं भीती वाटत अशा घराची?"

म्हटलं, "जाऊबाई शेजारी असतील, तर आत्ता नेसत्या लुगड्यानिशी राहायला जाईन."